तालुक्याच्या कॉलेजातनं पास झालेली लेकरं पुढं कमावतात किती?

सिंदफणाकाठ · डिसेंबर, शनिवार रात्री

नमस्कार मंडळी. आज सलग तिसरा शनिवार फोन करण्यात गेला म्हणून बसलोच लिहायला. मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या सीनियर कॉलेजात कॉमर्स शिकवतो, तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, नववं वर्ष आहे. नॅकची, म्हणजे कॉलेजचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची, तयारी लागली की क्रायटेरिया पाचमध्ये ५.२ येतं, विद्यार्थ्यांची प्रगती, किती जणांना नोकरी लागली आणि किती जण पुढच्या शिक्षणाला गेले. ते काम यंदा माझ्याकडं आलं. मागच्या वेळची फाईल काढून बघितली तर त्यात पीजीला गेलेल्यांचे ॲडमिशनचे कागद आणि थोडी नेमणूकपत्रं, एवढंच. बाकीची लेकरं तीन वर्षं आपल्यासमोर बाकावर बसली आणि मग कुठं गेली, याचा एक ओळीचा कागद नाही. मला ते लई लागलं.

म्हणून जनरल रजिस्टर घेतलं आणि पाच वर्षांपूर्वी पास झालेल्या बीए-बीकॉमच्या बॅचला एकेक करून फोन लावायला सुरुवात केली. पहिल्याच दिवशी कळलं की रजिस्टरातला नंबर पोराचा नसतोच. ॲडमिशनच्या वेळी घरात एकच मोबाईल असतो, तो बापाचा नाहीतर चुलत्याचा, आणि कैक ठिकाणी तर ऑनलाईन फॉर्म भरून देणाऱ्यानं ओटीपीसाठी स्वतःचाच नंबर टाकलेला. एकाच नंबरवर अकरा पोरांची नावं निघाली, लावला तर तो माणूस म्हणतो सर माझं झेरॉक्सचं दुकान आहे.

एका नंबरवर आई बोलली. मागं ट्रॅक्टरचा आवाज. म्हणाली, उसाच्या फडात हाय सर, कराडकडं आलोय, पोरगं बी हितंच हाय, देऊ का? पोरगं माझ्या हाताखालनं गेलेलं, बीकॉम, टॅलीचा कोर्स केलेला, अक्षर तर असं की मी त्याची वही दुसऱ्या वर्गात दाखवायचो. म्हणाला सर लग्न झालं, यंदा जोडीनं उचल घेतलीय, म्हणजे ऊसतोडीसाठी मुकादमाकडनं आगाऊ पैसे. पुढं काय विचारावं सुचलंच नाही, तब्येत सांभाळ म्हणालो आणि ठेवला.

दुसरी एक मुलगी, भोसरीला एका ऑफिसात बिलिंगला आहे. पगार विचारला तर तिनं मलाच विचारलं, "सर, खरं सांगू का कागदावरचं सांगू?" म्हटलं दोन्ही सांग. ऑफर लेटरवर महिन्याला अठरा हजार. हातात चौदा हजार तीनशे. कंपनीनं भरायचा पीएफचा वाटा त्या अठरातच धरलेला, वर हिचा वाटा कापला, ईएसआयसी म्हणजे आरोग्य विम्याचा हप्ता कापला. त्यातनं कॉट बेसिसची खोली आणि मेस मिळून सात हजार जातात, बसचा पास वेगळा, घरी तीन हजार पाठवते. आता सांगा, रजिस्टरात मी अठरा लिहू, चौदा लिहू, का तीन लिहू?

टक्केवारी मी मुद्दाम देत नाही. कितीतरी फोन लागलेच नाहीत, आणि जे उचलतात त्यांचं बहुतेक बरं चाललेलं असतं. ज्याचं बिनसलं तो सरांचा नंबर बघून कट करतो. उचललेल्यांचीच सरासरी काढली तर ती फुगलेलीच निघणार.

पण आकडा तर पाहिजे. बारावी झालेलं लेकरू जूनमध्ये बापाला घेऊन खिडकीशी येतं तेव्हा त्याला कुणी तरी सांगायला पाहिजे की इथनं पास झालेली तुझ्याच गावची लेकरं आज काय करतात. कुणी हे काम नीट केलंय का? काय विचारावं, कसं विचारावं?

शेंद्रा शिफ्ट · रविवार सकाळ

सर, मोलाचं काम काढलंय. नाईट करून आलोय, झोपायच्या आधी लिहितो.

मी संभाजीनगरजवळ शेंद्र्याच्या एमआयडीसीत बारा वर्षांपासून आहे, आधी कॉन्ट्रॅक्टरकडं लाईनवर आणि आता त्याच्याकडंच सुपरवायझर, म्हणजे पोरं भरायचं काम माझंच. सोमवारी सकाळी गेटवर पोरं उभी असतात, परतूर, मंठा, सिल्लोड, गेवराई, कुठनं कुठनं. पाठीवरच्या बॅगेत मार्कमेमो, आधार, पासबुकाची झेरॉक्स. बीए झालेला आणि नुसती बारावी झालेला, दोघांना एकाच लाईनवर एकाच रेटनं उभं करावं लागतं, माझ्या हातात वेगळा रेट नाही. आयटीआयवाला आला तर विचारतो फिटर का वेल्डर, त्याचा वेगळा. डिग्रीवाल्या पोराचं तोंड उतरतं ते मला दिसतं, मी पण बीएच आहे.

पण पुढचं पण सांगतो, कारण अर्धंच सांगितलं तर चुकीचं होईल. चार-पाच वर्षांनी फरक पडायला लागतो. स्टोअरला, डिस्पॅचला, क्वालिटीच्या कागदपत्राला माणूस लागतो तेव्हा लाईनवरचाच घेतात, आणि ज्याला एक्सेल येतं, इंग्रजीतला मेल वाचून उत्तर देता येतं, तो वर जातो. तिथं डिग्री बघतात. म्हणजे तुम्ही पास झाल्यावर सहा महिन्यांनी फोन केला तर डिग्रीची किंमत शून्य दिसेल, पाच वर्षांनी केला तर वेगळी दिसेल. तुम्ही पाच वर्षांपूर्वीची बॅच घेतली ते बरोबर केलं.

अजून एक. अप्रेंटिसला नोकरी धरू नका. २०१९च्या नियमात ग्रॅज्युएट अप्रेंटिसला कमीत कमी ९,००० आणि डिप्लोमावाल्याला ८,००० स्टायपेंड ठरला होता. ते शिकाऊ आहे, करार संपला की पोरगं परत गेटवर. तसंच २०२४ला मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण आलं, बारावीला ६ हजार, आयटीआय-डिप्लोमाला ८, पदवीला १०, ते पण विद्यावेतन आहे. कितीतरी पोरं तहसीलला, पंचायत समितीत बसली, गावात सगळ्यांना वाटलं सरकारी नोकरी लागली, सोयरिकी पण आल्या, आणि मुदत संपल्यावर घरी. हे असं "नोकरी लागली" म्हणून मोजू नका, पाया पडतो.

खरं काम आहे का नाही हे बघायचं तर एकच प्रश्न विचारा, पीएफ कटतो का. पोराला म्हणा तुझं पीएफचं पासबुक उघड, तुलाच दिसंल. कुठल्या महिन्यात भरणा आला, कुठल्या महिन्यात खाडा पडला, कॉन्ट्रॅक्टर किती बदलले, सगळं महिन्यावारी असतं. फक्त त्याचा यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा नंबर मागू नका, तो त्याचा त्याच्याकडंच राहू द्या.

मांजरा · रविवार

वाचतोय सर. आमच्या केजकडची पण हीच गत आहे.

बालाघाट · रविवार दुपार

मी आयटीआय वीजतंत्री. मोठा भाऊ बीए डीएड. आमच्या घरात दोन्ही नमुने आहेत म्हणून लिहितो.

मी अप्रेंटिस केली, मग दोन वर्षं खाजगी ठेकेदाराकडं पोलवर चढलो, मग महावितरणला विद्युत सहायक लागलो. पहिल्या वर्षी १५ हजार, दुसऱ्या वर्षी १६, तिसऱ्या वर्षी १७, एकत्रित मानधन, तीन वर्षं काढली की तंत्रज्ञ म्हणून पूर्ण पगार. बाहेरून बघणाऱ्याला पंधरा हजार कमी वाटतात पण त्या पंधरामागं काय आहे ते घरच्यांना माहीत होतं.

भाऊ माझ्यापेक्षा कितीतरी हुशार. डीएड झाला आणि २०१२ पासनं भरतीच बंद झाली. गावाजवळच्या इंग्लिश स्कूलला सात हजारांवर शिकवतो, ते पण उन्हाळ्याचे दोन महिने नाही. शिक्षण सेवकाचं मानधन २०२३ला ६ हजारांवरनं १६ हजार केलं तेव्हा तो पेपर घेऊन घरी आला होता, आईला वाचून दाखवलं. पण त्याला लागायला पाहिजे ना आधी. त्याच्या कॉलेजच्या कागदावर तो "नोकरीत" असंल. खरं तर त्याचं घर माझ्या पगारावर चालतं, आणि हे मी उपकार म्हणून सांगत नाही, मला शिकवलंय त्यानंच.

तेरणेची लेक · सोमवार

सर, तुमच्या यादीतल्या मुलींबद्दल लिहिते.

मी धाराशिव जिल्ह्यातली, तालुक्याच्या कॉलेजातनं बीएस्सी केमिस्ट्री. कॉलेजच्या कागदावर माझ्यापुढं काय असेल माहितीये? "विवाहित". संपलं. मुलाचा फोन लागला नाही तर निदान "संपर्क नाही" लिहितात, मुलीचं लग्न झालं की तिचा रकानाच बंद करतात.

मी लग्नाआधी दोन वर्षं रांजणगावला एका कंपनीत क्यूसी, म्हणजे मालाचा दर्जा तपासणाऱ्या लॅबला होते. सँपल घ्यायचं, टायट्रेशन करायचं, रजिस्टरला सही. कॉलेजात ब्युरेट पिपेट हातात धरलेलं होतं म्हणून तिथं पहिल्या आठवड्यातच बसले, शहरातल्या दोघी सोबत लागल्या होत्या त्यांनी प्रॅक्टिकल नुसती जर्नलमध्ये केलेली. म्हणून सांगते की छोट्या कॉलेजात शिकवणारे चांगले असले तर काही कमी नसतं. आमच्या सरांनी लॅबला पाणी नसायचं तेव्हा सुद्धा घागरीनं पाणी आणून प्रॅक्टिकल घेतलेलं आहे. २०१६ला लातूरला रेल्वेनं पाणी आलं ना, त्याच उन्हाळ्याची गोष्ट.

लग्नानंतर गावी आले. आता घराच्या पडवीत आपले सरकार सेवा केंद्र चालवते, पीकविमा, उत्पन्नाचे दाखले, शिष्यवृत्तीचे फॉर्म. जून-जुलैत महिन्याला वीस हजार पण सुटतात आणि फेब्रुवारीत पाच पण सुटत नाहीत. मला कुणी "तुमचा मासिक पगार किती" विचारलं तर मी काय सांगू? वर्षाचं विचारा सर. आणि मुलींना विचारताना फोन नवऱ्याकडं किंवा सासऱ्याकडं लागेल, तेव्हा मॅडमना बसवा फोनवर. पुरुष माणसाचा आवाज आला की अर्ध्या घरांत फोन पुढं जातच नाही.

अभ्यासिका ते अडत · सोमवार रात्री

एक रकाना सगळेच विसरलेत. वाट बघणाऱ्यांचा.

मी बीए झालो आणि पुण्याला गेलो, एमपीएससी. सहा वर्षं. सदाशिव पेठेत अभ्यासिका, नवी पेठेत कॉट. घरनं महिन्याला आठ हजार यायचे, बाप सोयाबीन विकून नाहीतर हातउसने घेऊन पाठवायचा. २०२२ला वर्णनात्मक पॅटर्न जाहीर झाला, आम्ही सगळी पुस्तकं बदलली, मग आंदोलनं झाली आणि तो २०२५ पर्यंत पुढं गेला, आम्ही परत जुन्या पुस्तकांवर. दोनदा पूर्व निघाली, एकदा मुख्य थोडक्यात गेली. मध्ये पोलीस भरतीचं ग्राउंड पण मारलं, सोळाशे मीटर चांगलं गेलं पण गोळ्यात मार्क गेले.

आता लातूरच्या मोंढ्यात एका अडतीवर दिवाणजी आहे. सकाळी सौदा निघतो, मग काटा, मग पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या पैशांचा हिशोब करायचा. २०२४च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ होता आणि समोर शेतकरी उभा राहून चार हजार आणि बेचाळीसशेच्या पट्ट्या घेऊन जात होता, त्यात माझा बाप पण होता. पगार माझा सोळा हजार, जेवण घरचं. वाईट नाही. पण सर, माझी कमाई मोजायची तर त्या सहा वर्षांत घरनं आलेले पैसे पण मोजा ना. आठ हजारांनी बारा महिने सहा वर्षं, गुणून बघा, पावणेसहा लाखाच्या वर जातं. आमच्या तालुक्याच्या कॉलेजात प्रत्येक वर्गातले किती जण या रांगेत आहेत ते रजिस्टरात "पुढील शिक्षण" म्हणून लिहिलेलं असतं.

पुण्याला जाऊ नका असं माझं म्हणणं नाही. माझ्या खोलीतला एक जण आज अधिकारी आहे आणि तो पण ऊसतोड्याचाच पोरगा. पण जाताना वर्ष ठरवून जा, हे मला कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

गोदावरी ते डॅलस · मंगळवार

पैठणकडचा आहे, बरीच वर्षं टेक्सासमध्ये. इथं खेड्यापाड्यात कम्युनिटी कॉलेज म्हणून प्रकार आहे, दोन वर्षांचं, शिकून असोसिएट डिग्री किंवा सर्टिफिकेट मिळतं, फी कमी, घरनं जाऊन-येऊन शिकतात, बरेच जण काम करत शिकतात. आपल्या तालुक्याच्या कॉलेजाची आठवण येते म्हणून लिहितो.

२०१५ला ओबामांच्या काळात केंद्राच्या शिक्षण खात्यानं कॉलेज स्कोअरकार्ड नव्या रूपात काढलं, कुणीही कॉलेजचं नाव टाकून बघू शकतो. त्यात कॉलेजला प्रवेश घेतल्यापासून दहा वर्षांनी तिथल्या विद्यार्थ्यांची कमाई किती ते असतं. कॉलेज कुणाला फोन करत नाही, आकडा करखात्याच्या नोंदीतनं येतो, म्हणजे पोरगं सांगंल ते नाही तर भरलेल्या कराप्रमाणं. पण त्यालाही मर्यादा आहे, केंद्राची आर्थिक मदत घेतलेल्या विद्यार्थ्यांचीच नोंद त्यात धरतात, बाकीचे बाहेर.

दोन गोष्टी घेण्यासारख्या. एक, ते सरासरी देत नाहीत, मध्यक देतात. दहा पोरं पगाराप्रमाणं ओळीत उभी करा आणि मधल्याचा पगार बघा. एक पोरगं हिंजवडीत दीड लाखावर गेलं तर सरासरी उडी मारते, मधला जागचा हलत नाही. दुसरं, अख्ख्या कॉलेजचा एकच आकडा फसवतो. इथं एकाच कॉलेजात दोन वर्षांचं नर्सिंग केलेली मुलगी आणि दोन वर्षांचं जनरल आर्ट्स केलेली मुलगी यांच्या कमाईत खूप अंतर असतं, म्हणून विषयवार पण देतात. आणि ग्रामीण कॉलेजचा आकडा मोठ्या शहराशी लावला तर कमीच दिसणार, कारण तिथं पगारच कमी आणि खर्च पण कमी. म्हणून आजूबाजूच्या फक्त बारावी झालेल्यांशी तुलना करतात. तुम्ही पण तुमच्या बीएवाल्यांची तुलना पुण्याच्या कॉलेजशी करू नका, त्याच गावात बारावीला थांबलेल्याशी करा.

मन्याडकर · बुधवार

मी निवृत्त प्राचार्य, नांदेड जिल्हा. सगळं वाचलं. थोडं विरुद्ध बोलणार आहे, राग मानू नये.

१९५८ला औरंगाबादला विद्यापीठ झालं, त्याआधी आमच्या भागाला हैदराबादच्या उस्मानियाकडं बघावं लागायचं. १९९४च्या १७ सप्टेंबरला नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ झालं, मग परीक्षेच्या एका कामासाठी औरंगाबादला रात्रीची एसटी पकडायची ती थांबली. तालुक्याला कॉलेज आलं म्हणून मुली शिकल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. बाप म्हणायचा शहरात ठेवणार नाही, पण सकाळच्या गाडीनं जाऊन दुपारच्या गाडीनं येत असेल तर शिकू द्या. जी मुलगी बीएला बसली तिचं लग्न अठराव्याला झालं नाही, एकविसाव्याला झालं. तिनं पुढं एक रुपया कमावला नसेल, पण तिच्या लेकरांच्या शाळेत जाऊन ती मास्तरला प्रश्न विचारते. हे तुमच्या कोणत्या रकान्यात बसवणार? पगारावर कॉलेज मोजायला लागलो तर उद्या वरून कुणीतरी म्हणेल की आर्ट्सच्या तुकड्या बंद करा, आणि पहिल्यांदा ज्यांची बंद होईल ती या मुलींचीच.

पण एक कबुली द्यायचीच आहे. यूजीसीनं २०१४च्या आसपास कम्युनिटी कॉलेज आणि बी.व्होक. म्हणजे व्यावसायिक पदवीच्या योजना आणल्या, एक वर्षाला डिप्लोमा, दोनला ॲडव्हान्स डिप्लोमा, तीनला पदवी, मध्येच बाहेर पडलं तरी हातात काही तरी राहतं. आम्ही दुग्धव्यवसायाचा कोर्स काढला. लॅक्टोमीटर, फॅट काढायच्या काचेच्या नळ्या, सेंट्रिफ्यूज, सगळं आलं. पोरं सकाळी दूध शीतकरण केंद्रावर जाऊन स्वतः फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातला घन भाग) काढायची, आणि खरं सांगतो, एका वर्षाचा डिप्लोमा घेऊन बाहेर पडलेल्या पोरांना संकलन केंद्रांवर कामं लागली, बीएच्या पोरांच्या आधी लागली. मग अनुदान यायचं थांबलं. शिकवणारा तरुण होता, सात महिने बिनपगारी शिकवलं त्यानं, मग गेला. कपाटाला कुलूप लागलं. मी प्राचार्य होतो, मला त्या वेळी विद्यापीठाला, गावातल्या लोकांना दाखवता आलं असतं की बघा ही पोरं एवढं कमावतात, हा कोर्स मरू देऊ नका. पण आम्ही कुणाला फोनच केला नव्हता. माझ्याकडं आकडा नव्हता. म्हणून सिंदफणाकाठ सर, तुमच्या पगाराच्या रकान्याला माझा विरोध आहे आणि तरी तुम्ही तो भराच असं सांगतो.

दुधना · गुरुवार

सर लोकं मोठी मोठी बोलतेत, मी शेतकरी माणूस, जालना जिल्हा. पाच एकर, कापूस आन् सोयाबीन. पोरगी यंदा बारावीला हाय, सायन्स. तिला तालुक्याला बीएस्सीला घालू का संभाजीनगरला ठेवू? होस्टेलचं साठ-सत्तर हजार वर्षाला जातेत म्हणतेत. कमावती झाली पायजे एवढंच हाय मनात. कुणी सांगंल का.

तेरणेची लेक · गुरुवार

काका, नुसतं गाव बघू नका, विषय बघा आणि लॅब बघा. तालुक्याच्या कॉलेजात जाऊन विचारा की केमिस्ट्रीच्या लॅबला गॅस चालू आहे का, प्रॅक्टिकल खरंच होतात का, आणि मागच्या बॅचच्या तीन मुलींचे नंबर मागा. देत नसले तर तेच उत्तर समजा. आणि तिला नर्सिंग आवडत असेल तर बीएस्सी नर्सिंग आणि जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, दोन्हीची चौकशी करा. २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ आहे. कोणत्या कोर्सला आणि कॉलेजला लागू होतं ते ॲडमिशनच्या आधी लेखी विचारून घ्या, उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा, जूनमध्ये रांग लागते.

शेंद्रा शिफ्ट · गुरुवार

अण्णा, पोरीला पण विचारा तिला काय पायजे.

दुधना · शुक्रवार

इचारलं. नर्सिंग म्हनली. मला बोलली न्हाई कधी, आईला बोलली व्हती. दाखला काढायला टाकला.

सिंदफणाकाठ · जानेवारी, शनिवार

सगळ्यांचे मनापासून आभार. तुमचं वाचून फॉर्म पूर्ण बदलला. आता विचारतो ते असं: मागच्या बारा महिन्यांत किती महिने काम होतं, हातात वर्षाला मिळून किती आले, पीएफ कटतो का, घरी पाठवता का घरनं मागवता आणि किती, आणि तीन वर्षांत शिकलेल्यातलं काय कामी आलं. शेवटचा प्रश्न मन्याडकर सरांसाठी घातलाय, त्यात आकडा नाही, सांगतील ते जसंच्या तसं लिहून घ्यायचं. मुलींचे फोन आमच्या मराठीच्या मॅडम करतात, आणि ताई, तुमचं शंभर टक्के खरं निघालं, मला "नंबर चुकला" म्हणालेल्या दोन घरांत मॅडमशी पोरी अर्धा अर्धा तास बोलल्या. "विवाहित" हा रकाना खोडलाय. अप्रेंटिस आणि प्रशिक्षणवाले वेगळ्या पानावर, स्पर्धा परीक्षावाले वेगळ्या पानावर, किती वर्षांपासून ते धरून.

आणि ज्यांचा फोन लागला नाही त्यांची संख्या मी सगळ्यात वर लिहितो. ते खाली बारीक अक्षरात गेलं की बाकीचं सगळं खोटं होतं असं मला वाटतं.

नॅकच्या फॉर्मला यातलं फार थोडं लागणार आहे. ते त्यांच्या नमुन्यात देऊ. पण हे पूर्ण पान जूनमध्ये ॲडमिशनच्या खिडकीशेजारी लावायची परवानगी मागितलीय. वरिष्ठांना भीती वाटते की प्रवेश कमी होतील, अनुदानित तुकडी टिकली पाहिजे, आणि त्यांची भीती खोटी नाही, माझे तास पण त्याच तुकडीवर आहेत. तरी मी मागत राहणार आहे.

मन्याडकर · रविवार

परवानगी नाही मिळाली तर पालक सभेत वाचून दाखवा. वाचायला परवानगी लागत नाही.

सिंदफणाकाठ · मार्च, शनिवार

बरेच दिवस आलो नाही, परीक्षा चालू होत्या.

एक सांगायचं होतं. कराडच्या फडात फोनवर बोललेला पोरगा, त्याचा मंगळवारी फोन आला. पट्टा पडला सर, कारखान्याचा हंगाम संपला, गावी आलोय, भेटायचंय म्हणाला. दुपारी कॉलेजात आला, बायको सोबत, हाताच्या बोटांना चिरा पडलेल्या. पिशवीतनं मुकादमाच्या हिशोबाच्या कागदाचे फोटो आणि स्वतःची वही काढली. वहीत रोजचं लिहिलेलं, तारीख, गाडीचा नंबर, किती मोळ्या, किती टन, खाडा पडला तर का पडला. उभ्या रेघा मारून नावे-जमा, वर्गात शिकवलेली खतावणीच. तेच अक्षर.

म्हणाला, सर उचल फिटली का नाही ते बघा, मुकादम म्हणतो अजून अंगावर बाकी आहे, पुढच्या साली यावं लागंल. आम्ही दोघं कॉम्प्युटर लॅबमध्ये बसलो, त्यानंच टॅली उघडलं, त्यानंच एंट्र्या घातल्या, मी नुसता वाचून दाखवत होतो. साडेतीन तास लागले. जानेवारीतल्या चार गाड्या मुकादमाच्या कागदावर नाहीतच, आणि दोन खाडे दोनदा धरलेत. बाकी निघते, पण मुकादम म्हणतो त्याच्या निम्मी पण नाही. प्रिंट काढून दिली. टोळीतल्या अजून सहा जोड्यांनी आपापले कागद त्याच्याकडं दिलेत, ते पण तो करणार आहे, लॅबची चावी रविवारी मी आणून देतो म्हटलं.

जाताना मी फॉर्म पुढं केला. बारा महिन्यांत किती महिने काम, त्यानं लिहिलं पाच. हातात किती, ती जागा मोकळी सोडली, हिशोब मिटल्यावर सांगतो म्हणाला. शिकलेल्यातलं काय कामी आलं, तिथं त्यानं एकच शब्द लिहिला, खतावणी.

उद्या त्याच्यासोबत मुकादमाकडं जातोय. शेंद्रा भाऊ, स्टोअरला जागा निघाली तर आधी मला सांगा.

शेंद्रा शिफ्ट · शनिवार रात्री

एप्रिलमध्ये एक निघणार आहे. त्याला म्हणा वही घेऊन ये.